गाडी लागती

“दार उघडा म्हंतो ना! गाडी लागती! गाडी लागती!”

आण्णा घरातून बाहेरच्या दारावर थापा मारत होते आणि मी त्याच दाराला आतून पाठ लावून उभी होते. नुकतेच दिवे लागले होते. आण्णा म्हणजे माझे सासरे, यशवंत शेवाळे, एस.टी.तले रिटायर कंडक्टर. वय ऐंशीच्या पुढं, पण हातात जोर असा की दाराची कडी नाचायची.

“आण्णा, गाडीबिडी काही नाही. तुम्ही रिटायर झालात. आपल्या घरात आहात.”

“तू कोण मला रिटायर करणारी? डेपो मॅनेजर हाईस?”

हसू यायचं आणि त्याच दमात रडूही. तेवढ्यात आतल्या खोलीतून इंदूवन्सं आल्या. माझी थोरली नणंद. पुढच्याच गल्लीत राहायच्या आणि यजमान गेल्यापासून निम्मा दिवस आमच्याकडेच असायच्या. पदरात त्यांनी काहीतरी धरलं होतं.

“शालन, हे बघ.”

पदरात लिंबं होती. एक ताजं, दोन सुकून खडा झालेली आणि एक काळंठिक्कर.

“दोन उशीखाली, दोन कोटाच्या खिशात. मी म्हटलं नव्हतं? करणी आहे ही. सरळ सरळ करणी!”

“वन्सं, उन्हाळ्यातला लिंबाचा भाव बघितलाय का? एवढा खर्च करून आपल्यावर करणी करणार कोण?”

“तुला सगळ्याची थट्टाच सुचते. दिवे लागले की माणूस पिसाळतो, ते काय उगाच?”

लिंबं आमच्याच फ्रीजमधली होती. आण्णाच पळवायचे. पोह्यांवर पिळायला म्हणून आणावीत आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर वाटी रिकामी. पण ते का पळवतात, हे मला सांगता येत नव्हतं, त्यामुळं वन्संचं तोंड बंद करणं जमत नव्हतं. त्यांनी चारही लिंबं कागदात गुंडाळली, मागच्या दारानं बाहेर पडल्या आणि चौकात टाकून मागं वळून न बघता परत आल्या. आण्णा त्यानंतरही तासभर दारावर थापा मारत होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. साताऱ्यातलं आमचं घर तसंच आहे, बैठं, दारात तीन पायऱ्यांचं. तेव्हा मात्र त्या घराचा मी पार कायापालट करून टाकला होता. आण्णांचा आजार विसरण्याचा. आमच्या डॉक्टरीणबाई मोठ्या समजूतदार होत्या. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, “त्यांना सुधारायला जाऊ नका, घराला सुधारा.” हे वाक्य मी पदराला गाठ मारून घरी आणलं.

मग काय, हात धुऊन मागं लागले. गॅसचं बटण सिलिंडरपाशी बंद करायची सवय लावून घेतली. मोरीत खरबरीत चटई घातली. संडासाचं दार पिवळं रंगवलं, कारण तेवढंच दार त्यांना सापडायचं नाही आणि मग व्हायचा तो घोटाळा व्हायचा. उंबऱ्यातलं काळं पायपुसणं काढून टाकलं. त्यांना तो खड्डा वाटायचा आणि ते तिथंच पाय उचलून उभे राहायचे. आरशाची तर वेगळीच गंमत. कपाटाच्या आरशासमोर उभे राहून विचारायचे, “ओ पाव्हणं, तिकीट?” आरशातला पाव्हणा कसला बोलतोय! मग चिडायचे. “म्हाताऱ्या, विनातिकीट बसतोस व्हय? उतर खाली!” एकदा मूठ उगारली तेव्हा मी आरशावर चादर टाकली. विनातिकीट पाव्हणा कायमचा उतरला.

दिवसभर आण्णा निवांत असायचे. शेंगा फोडून द्यायचे, कपड्यांच्या घड्या घालायचे, वन्संना “पुढं सरका” म्हणून पुढं सरकवायचे. भोग होता तो फक्त संध्याकाळचा. दिवे लागले की उठायचे, कोट चढवायचे आणि दाराशी जायचे. दोनदा निसटले. एकदा तर हायवेच्या कडेला सापडले. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचले. तेव्हापासून आम्ही दाराला वरच्या बाजूला कडी बसवली आणि कुलूप घातलं. मागच्या दारावर मी पडदा सोडला होता. त्यांना ती भिंतच वाटायची.

मी पोस्टात नोकरीला होते. काउंटरवर. आण्णांना दिवसभर एकटं ठेवणं बरं नव्हे, म्हणून माघात मी लांब रजा घेतली. आणि मी घरी थांबले त्याच आठवड्यापासून हा संध्याकाळचा तमाशा सुरू झाला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ, असं मी म्हणायचे.

आण्णा म्हणजे माझे नुसते सासरे नव्हेत, हे सांगायला हवं. जावळीच्या डोंगरात बोरजाईवाडी म्हणून गाव आहे. तिथल्या सकपाळांची मी. साताऱ्याहून संध्याकाळी सुटणारी मुक्कामी गाडी आमच्या गावी यायची, रात्री पाराखाली झोपायची आणि सकाळी परत निघायची. त्या गाडीवर आण्णांची वर्षानुवर्षं ड्यूटी. गावातल्या एकेका घरातून मुक्कामाला त्यांची भाकरी जायची, आमच्याही. गावाकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात. मीही मास्तरच म्हणायचे. मी मोठी झाल्यावर त्यांनी माझ्या वडलांना विचारलं, “सकपाळ, पोरगी माझ्या पोराला देता का?” वडील म्हणाले, “मास्तर, तुमच्या गाडीत बसवलेलं माणूस आजवर हरवलं न्हाई. घेऊन जा.” अशी मी या घरात आले.

त्यामुळं त्या लिंबांच्या आठवड्यातच शुक्रवारी जे झालं, ते मला फार लागलं. आण्णांनी दाराशेजारच्या खिडकीच्या काचेवर हात मारला. काच फुटली. मनगटाजवळ चांगलंच कापलं. आमच्या ह्यांनी त्यांना धरून रिक्षात घातलं, टाके घालून आणलं आणि रात्रीच्या जेवणाला बसल्यावर घास तसाच ठेवून म्हणाले, “बास झालं, शालन. अशा माणसांना सांभाळणारी पुण्याजवळ ती संस्था आहे ना, तिथं जागा आहे. मी फोन केला. परवा रविवारी सकाळी गाडी सांगितलीय.”

“मला न विचारता?”

“तुला विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.”

“मग? आताही नाहीच म्हणतेय!”

“अगं, शीर वाचली म्हणून बरं. उद्या काय फोडतील? मला काय हौस आहे का बापाला पोचवायची?” आणि ते जेवणावरून उठले. मोरीत नळ सोडून बराच वेळ तोंड धुत होते. रडलेलं दिसू नये म्हणून हे नेहमी तेच करतात.

वन्संही त्यांच्याच बाजूच्या. डोळे पुसत म्हणाल्या, “आईच बोलावतेय गं त्यांना. थापा मारताना मध्येच ‘थांबली असंल ती, थांबली असंल ती’ म्हणतात, ऐकलंस का?” ऐकलं होतं मीही. सासूबाई जाऊन दहा वर्षं झाली होती. मला वाटलं, असेलही.

शनिवारी आण्णांच्या बॅगेत कपडे भरले, परत काढले, परत भरले. त्यांचा सुती सदरा हुंगला. ज्यांनी मला हाताला धरून या घरात आणलं, त्यांना मी हाताला धरून बाहेर काढणार होते.

संध्याकाळ झाली. हे ड्रायव्हरला पत्ता सांगायला गेले होते आणि वन्सं मारुतीला. दिवे लागले. आण्णा उठले. पट्टी बांधलेल्या हातानं कोट चढवला आणि दाराशी गेले. पहिली थाप मारली आणि पट्टीवर लाल ठिपका उमटला.

मी म्हटलं, मरू दे ते कुलूप! नाही तरी उद्या जायचेच आहेत. खुंटीवरची माझी पोस्टाची पर्स खांद्याला अडकवली, कारण किल्ल्या तिच्यात होत्या, आणि कुलूप काढलं.

“चला आण्णा. कुठं जायचंय तिकडं जाऊ.”

त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तरातरा पायऱ्या उतरले. मी दोन पावलं मागं. गल्लीच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी आहे. तिच्यापुढं दळणवाल्यांसाठी बाकडं टाकलेलं. आण्णा तिथं थांबले. बाकड्यावर डबा घेऊन एक बाई बसली होती. तिला त्यांनी विचारलं, “बाई, हितं एक पोर बसलेली बघितली का? दोन वेण्या, खांद्याला दप्तर.”

बाई माझ्याकडं बघायला लागली. मी पुढं झाले.

“कोण पोर, आण्णा?”

“आता तुमाला काय सांगू? सकपाळाची. बोरजाईवाडीची.”

म्हणजे मीच की!

“मेढ्याच्या शाळंत शिकती,” ते सांगत होते. त्यांच्या लेखी मी कुणी वाटसरू बाई होते. “शाळा सुटली की स्टँडवर बसती, माझी गाडी येईस्तवर. रोज ह्याच टायमाला येती बघा, दप्तर घिऊन. आता दोन-चार म्हैनं झालं, दिसंनाच झालीय. मी न्यायला निघतो, तर घरातली माणसं दार लावत्यात. माणसं चांगली हायती हो. पन त्यास्नी कोन सांगनार?”

माघापासून. मी रजा घेतल्यापासून. त्याआधी रोज दिवे लागायच्या सुमाराला मी पोस्टातून यायचे, खांद्याला पर्स अडकवून, आणि आण्णा दारातल्या खुर्चीत बसलेले असायचे. मी आत गेले की तेही आत यायचे. कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं की ते माझी वाट बघत बसतात. मी त्यांच्यासाठी घरी बसले आणि त्यांची पोर यायची बंद झाली.

“थांबली असंल ती,” आण्णा म्हणाले. “अंधार पडला. गाडी चुकली तर पोर रातभर कुटं ऱ्हाईल? तिचा बा शाळा बंद करंल हो.”

खरं होतं. वडलांनी तसं बजावलंच होतं, एक रात्र जरी घराबाहेर राहिलीस तर दप्तर चुलीत. दहावीला असताना एकदा बाईंनी जादा तास घेतला आणि मला उशीर झाला. मी छाती फुटेस्तोवर पळत स्टँडवर आले, तर गाडी उभी. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, पब्लिक शिव्या घालतंय, कंट्रोलर खिडकीतून ओरडतोय आणि मास्तर दाराशी घंटीच्या दोरीला हात लावून ठाम उभे. “पोर आल्याबिगर डबल बेल न्हाई,” म्हणत होते. मी चढले तेव्हा बेल दिली. ती गाडी त्या दिवशी गेली असती तर मी दहावी झाले नसते, पोस्टात लागले नसते. आज मी जी कोण आहे, ती त्या थांबलेल्या गाडीमुळं आहे.

“आणि लिंबू?” मी कसंबसं विचारलं. “खिशात लिंबू कशाला ठेवता?”

त्यांनी खिशात हात घातला. होतंच एक. वन्संच्या नजरेतून सुटलेलं.

“घाटात तिला गाडी लागती ना!”

गाडी लागती! अहो, आम्ही तीन-चार महिने हे शब्द ऐकत होतो आणि आम्हाला वाटत होतं, कंडक्टर माणूस, फलाटाला गाडी लागतीय म्हणून ओरडतोय. आणि हा माणूस सांगत होता की पोरीला गाडी लागते, घाटात ओकारी होते, तिला लिंबू हुंगायला द्यायला पाहिजे. आठवीत असताना पहिले काही महिने मला तसं व्हायचं. मी विसरून गेले होते. सगळं विसरलेल्या माणसाला तेवढं आठवत होतं.

मी पर्स नीट खांद्यावर घेतली. त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले.

“मास्तर,” मी म्हटलं. “मी आले.”

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. काही ओळख नाही. मग खांद्याकडं बघितलं, पर्सकडं. आणि सगळा चेहरा सैल झाला.

“एवढा उशीर?”

“बाईंनी जादा तास घेतला.”

“बाला सांगितलंयस?”

“तुम्ही सांगा की.”

“सांगतो. माझं नाव सांग, काय म्हनायचा न्हाई. चल, चढ.” आणि त्यांनी ते लिंबू माझ्या नाकाशी धरलं. मी पन्नाशीला आलेली बाई, गिरणीपुढं भर रस्त्यात लिंबू हुंगत घळाघळा रडत होते. डब्यावाली बाई बिचारी घाबरून उभीच राहिली.

घरापाशी आलो तर दारात हे आणि वन्सं, दोघांच्या तोंडचं पाणी पळालेलं. हे ओरडणार इतक्यात मी ओठावर बोट ठेवलं. आण्णांनी त्यांना बघितलं आणि म्हणाले, “ओ, दारात उभं ऱ्हाऊ नका. आत सरका. पुढं जागा हाय.” आमचे हे, सरकारी खात्यातले हेडक्लार्क, मुकाट्यानं आत सरकले. वन्संही सरकल्या. मग आण्णांनी मला पायऱ्यांवरून वर चढवलं, मागं कुणी राहिलं नाही ना बघितलं, स्वतः चढले आणि स्वतःच्या हातानं दार ओढून घेतलं. चौकटीवर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं. टक टक. डबल बेल. आणि खुर्चीत जाऊन बसले.

“भाकरी कुनाकडची हाय आज?” त्यांनी विचारलं.

“सकपाळांकडची,” मी म्हटलं.

“मंग चांगली असंल.”

दीड भाकरी खाल्ली आणि झोपले. दार नुसतं लोटलेलं होतं, तिकडं वळूनही बघितलं नाही. स्वयंपाकघरात मी ह्यांना सगळं सांगितलं. हे ओट्याला टेकून ऐकत होते. मध्येच नळ सोडला, पण या वेळी तोंड धुतलं नाही, तसेच रडले. मग फोन उचलला आणि ड्रायव्हरला म्हणाले, “उद्याची गाडी नको. नाही नाही, पुढं ढकलायची नाहीये. नकोच.”

त्यानंतरच्या सोमवारी मी पोस्टात हजर झाले. दिवसभर वन्सं घरी थांबायला लागल्या, आणि संध्याकाळी मी खांद्याला पर्स अडकवून दारात यायचे. “मास्तर, आले.” सुट्टीच्या दिवशीसुद्धा चुकवायचे नाही. मागच्या दारानं बाहेर पडायचं, गल्लीला वळसा घालायचा आणि पुढच्या दारानं यायचं. शेजारच्या जोशीणबाई म्हणायच्या, “काय शालनताई, आपल्याच घरी पाहुण्या?” म्हटलं, “होय, आणि मला रोज न्यायला येतात, तुम्हाला येतं का कुणी?” ह्यांनी बाजारातून पितळी घंटी आणली, दाराच्या आतल्या बाजूला टांगली, तिला दोरी लावली. कुलूप गेलं, वरची कडी गेली, दारातल्या खुर्चीच्या जागी एस.टी.तल्यासारखं दोघांचं बाक आलं. आण्णा दोरी दोनदा ओढायचे आणि घरातल्या संध्याकाळी शांत व्हायच्या. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, “घर सुधारलंत तुम्ही.” आणि लिंबं? ती वन्सं आणायच्या. मंडईतून निवडून, पातळ सालीची. करणी नाही हे पटलं होतं, तरी मारुतीला दाखवूनच आणायच्या. तेवढं चालायचंच.

तीन पावसाळे असे गेले. आण्णांचं बोलणं कमी कमी होत होतं. एका संध्याकाळी मी आले, लिंबू घेतलं, त्यांनी बेल दिली. हे अजून यायचे होते. वन्सं आत दिवा लावत होत्या. दार उघडंच होतं. आण्णा बाकावर बसले होते आणि मी त्यांच्यापुढं उभी. काय मनात आलं कुणास ठाऊक, मी विचारलं.

“मास्तर, त्या सकपाळांच्या पोरीसाठी रोज गाडी थांबवता. पुढं तिचं काय झालं हो?”

ते घंटीच्या दोरीचं टोक बोटाला गुंडाळत होते. मला वाटलं, ऐकलंच नाही.

“ती व्हय?” ते म्हणाले. “ती शिकली. पोस्टात हाय. माझ्या पोराला केली मी.”

“मग आता कुठं असते?”

“कुटं म्हंजे? माझ्या घरात.” मी काहीतरी येड्यासारखं विचारलं, असं त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग दाराकडं मान वळवली. “येईल आता. दार उघडं ठेवलंय.”

“आले, आण्णा,” मी म्हटलं.

त्यांनी जरा सरकून बाकावर मला जागा करून दिली.